हात दोन, बंदुका एकशेचाळीस

अमेरिकेत माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या जिनीव्हातल्या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे 2017 च्या अखेरीस तिथल्या साध्या नागरिकांकडे 39 कोटी 30 लाख बंदुका होत्या आणि देशाची लोकसंख्या होती साडेबत्तीस कोटींच्या घरात. पाळण्यातले मूलही हिशेबात धरून माणशी एकेक बंदूक वाटली, तरी पावणेसात कोटी बंदुका धरायला माणूसच उरत नाही. सैन्याच्या आणि पोलिसांच्या बंदुका यात आलेल्याच नाहीत. जगाच्या लोकसंख्येत अमेरिकेचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास. जगातल्या खाजगी बंदुकांत मात्र सेहेचाळीस टक्के.

हे आकडे वाचून प्रत्येक अमेरिकन कमरेला पिस्तूल लावूनच दूध आणायला जातो अशी समजूत होते. ती खरी नाही. तिथल्या तीन प्रौढांपैकी दोघांकडे बंदूक नसतेच. 'पंगतीत माणशी चार लाडू झाले' या वाक्यात निम्मे लाडू कोपऱ्यातल्या एकाच ताटात गेल्याची गोष्ट दडून राहते, तसाच हा प्रकार आहे. हार्वर्ड आणि नॉर्थईस्टर्न या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी 2015 मध्ये देशभर पाहणी केली, तेव्हा ते ताट सापडले. देशातल्या जवळजवळ निम्म्या बंदुका अवघ्या तीन टक्के प्रौढांच्या घरात होत्या. ही मंडळी भरतात सुमारे 77 लाख. त्यांच्याकडे कमीत कमी आठ आणि जास्तीत जास्त 140 बंदुका निघाल्या; सरासरी सतरा.

माणसाला हात दोन आहेत. लांब नळीच्या बंदुकीला ते दोन्ही लागतात. नेम धरायला डोळा एकच लागतो, आणि बरेचजण दुसरा मिटूनच घेतात. तेव्हा एका वेळी एक, फार तर सिनेमातल्यासारख्या दोन, यापलीकडे बंदुका चालवण्याची सोय निसर्गाने केलेली नाही. उरलेल्या पंधरा बंदुका त्या वेळी काय करत असतात, हा या विषयातला मुख्य प्रश्न आहे. मालकाला विचारले तर तो पंधरा उत्तरे देतो, प्रत्येक बंदुकीचे वेगळे. ती सगळी खरी असतात आणि जवळजवळ सगळी बंदूक घरी आल्यानंतर सुचलेली असतात.

सुरुवात बहुधा भेटीने होते. आजोबा किंवा वडील मुलाला दहाव्या-बाराव्या वाढदिवसाला पॉइंट टू टू बोअरची साधी रायफल देतात. तिच्याने डबे पाडायचे, खारी मारायच्या. ओक्लाहोमा राज्यातल्या क्लेअरमोर गावच्या जे. एम. डेव्हिस यांच्या बाबतीत हे वय आणखी अलीकडे आले. ते सात वर्षांचे असताना औषध घ्यायला तयार होत नव्हते. आपल्याकडे अशा वेळी हातावर खडीसाखरेचा खडा ठेवतात. डेव्हिसच्या वडिलांनी औषध घेतल्याचे बक्षीस म्हणून ठासणीची शॉटगन दिली. औषध कोणत्या दुखण्यावर होते ते राहू द्या. बक्षिसाने जे दुखणे लागले ते मात्र जन्मभर उतरले नाही. डेव्हिस पुढे क्लेअरमोरला मेसन हॉटेलचे मालक झाले. हॉटेलाच्या भिंती भरेपर्यंत त्यांनी बंदुका जमवल्या, आणि भिंती भरल्यावरही जमवल्या. आकडा वीस हजारांच्या घरात गेला. मग जर्मन बिअरचे मग, घोड्यांची खोगिरे, पहिल्या महायुद्धातली भित्तिपत्रके हेही आलेच, कारण जमवण्याची सवय एकदा लागली की ती वस्तूकडे फारसे बघत नाही. 1965 मध्ये हा सगळा पसारा राज्याच्या ताब्यात गेला आणि 1969 मध्ये त्याचे संग्रहालय झाले.

वीस हजार हा आकडा पुण्याच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. दिनकर केळकरांनी शुक्रवार पेठेत जमवलेल्या वस्तू तेवढ्याच आहेत आणि त्याही शेवटी सरकारच्या हाती गेल्या. त्यांत अडकित्त्यांची एक आख्खी फौज आहे: मोराचे, घोड्याचे, जोडप्याचे. इतक्या सुपाऱ्या कोण खाणार, असे तिथे कोणी विचारत नाही. अडकित्ता आणि कोल्ट रिव्हॉल्व्हर ज्या बोटांनी गोळा होतात ती बोटे एकाच जातीची असतात. फरक पुढे पडतो तो अडकित्ता सुपारीवरच थांबतो म्हणून.

बंदूक कशाला, असे सरळ विचारले तर पहिले उत्तर येते संरक्षणासाठी. 'प्यू' संस्थेच्या 2023 च्या पाहणीत 72 टक्के बंदूकवाल्यांनी हेच मुख्य कारण सांगितले. चोर एक असेल तर बंदूकही एक पुरावी. पण चोर कुठल्या खोलीत येईल हे तो आधी कळवत नाही. म्हणून एक उशाशी. मालक स्वयंपाकघरात असताना चोर आला तर उशाशी असलेली काय कामाची, म्हणून एक तिथे. गाडीत एक, तिला 'ट्रक गन' म्हणतात, आणि ती मुद्दाम स्वस्तातली घेतात, कारण तिला ओरखडे पडणार. अंगावर बाळगायची वेगळी, आणि तीही ऋतुमानाप्रमाणे. थंडीत जाड कोटाखाली मोठे पिस्तूल खपून जाते, उन्हाळ्यात अर्ध्या चड्डीवर ते दिसते, म्हणून उन्हाळ्याचे छोटे. टेक्सासमध्ये 'बार्बेक्यू गन' नावाचा एक प्रकार आहे: नक्षीकामाची, हस्तिदंती किंवा शिंगाच्या मुठीची, चारचौघांत जेवायला जाताना लावायची. पैठणी जशी रोज नेसत नाहीत तशी ही रोज लावत नाहीत. शिवाय या मंडळींत एक वचन फार प्रचलित आहे की दोन म्हणजे एक आणि एक म्हणजे शून्य. कारण एक बिघडू शकते. या गणिताने सतरा म्हणजे नेमक्या किती, हे कोणी सोडवून दाखवलेले नाही.

शिकाऱ्याचे उत्तर जास्त पटण्यासारखे असते. खारीला एक बोअर, हरणाला दुसरा, अस्वलाला तिसरा. हरणाच्या गोळीने खार मारली तर खार उरत नाही आणि खारीच्या गोळीने अस्वल मारायला गेले तर शिकारी उरत नाही. बदकांना छर्रे लागतात. त्यातही 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत देशभर शिशाच्या छर्‍यांना बंदी आली, पोलादी छर्रे जुन्या नळ्यांना सोसत नाहीत, म्हणून कायदा पाळण्यासाठी नवीन बंदूक घेणे भाग पडले. विळी, सुरी, किसणी आणि पुरणयंत्र यांतले एकच ठेवा असे मराठी गृहिणीला सांगून पाहावे, म्हणजे शिकाऱ्याची बाजू कळते. पुरणयंत्र वर्षातून दोनदा माळ्यावरून उतरते, पण ते घरात नाही ही कल्पना सहन होत नाही.

इथपर्यंतच्या बंदुकांना निदान काम आहे. खरी गंमत पुढच्या पायरीवर आहे. तिथे बंदुकीला काम नसते, जागा असते. मालिकेतली रिकामी जागा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला हलकी, आटोपशीर कार्बाइन हवी होती. 'एम 1 कार्बाइन' नावाने ती साठ लाखांहून जास्त बनली. बंदुकांचे कारखाने आधीच कामात बुडालेले, म्हणून सरकारने हाताला लागेल त्या कंपनीला कंत्राट दिले. मुख्य कंत्राटदार झाले दहा. त्यांत मोटारवाल्या जनरल मोटर्सचे विभाग होते, टाइपरायटर बनवणारी अंडरवुड होती, हिशेबाची यंत्रे बनवणारी आयबीएम होती, टपालाचे शिक्के मारणारी यंत्रे बनवणारी कंपनी होती आणि नाणे टाकून गाणे वाजवणारे ज्यूकबॉक्स बनवणारी रॉक-ओला होती. रॉकोला हे मालकाचे आडनाव होते. ज्यूकबॉक्सवाल्याने केलेली कार्बाइन आणि टाइपरायटरवाल्याने केलेली कार्बाइन यांच्यात सैनिकाला काडीचा फरक वाटत नव्हता. वाटू नये म्हणून तर सगळे सुटे भाग अदलाबदल करता येतील असे बनवले होते. संग्राहकाला मात्र दहाही हव्यात. नऊ झाल्या की त्याची झोप जाते. दहावी बहुधा अर्विन-पेडरसन कंपनीची असते. हिच्या मालाची एकही खेप सैन्याने पसंत केली नाही, काम काढून दुसऱ्याकडे दिले, आणि म्हणूनच तिची कार्बाइन आज सगळ्यांत दुर्मीळ आणि महाग आहे. नापास झालेला मुलगाच पुढे सगळ्यांत जास्त भाव खाऊन जातो, याचा हा लोखंडी पुरावा.

युद्धानंतर सरकारी शस्त्रागारांनी या कार्बाइन दुरुस्त करताना भाग सरमिसळ केले. नळी अंडरवुडची, घोडा जनरल मोटर्सच्या इनलँड विभागाचा, दस्ता तिसऱ्याचा, असे संसार सुखाने चालू होते. संग्राहक ते मोडतो. कोणत्या भागावर कोणते अक्षर असायला हवे याच्या याद्या घेऊन तो बसतो, भिंगातून शिक्के वाचतो, चुकीचा स्क्रू काढतो आणि बरोबरचा स्क्रू शोधत तीन राज्ये पालथी घालतो. लुगर या जर्मन पिस्तुलात तर अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे बारीकसारीक भागांवरही ठोकलेले असतात. ते सगळे जुळले तर किंमत एक. एखादी पट्टी परक्या घरची निघाली तर दुसरी, बरीच खाली. छत्तीस गुण जुळल्याशिवाय सोयरीक करायची नाही असे म्हणणारे लोक फक्त आपल्याकडेच आहेत असे समजण्याचे कारण नाही. पत्रिकाही असते. कोल्ट कारखान्याच्या जुन्या खातेवह्यांतून अमुक क्रमांकाचे रिव्हॉल्व्हर अमुक साली अमुक व्यापाऱ्याकडे रवाना झाले, असा दाखला पैसे भरून मिळतो. विंचेस्टरच्या जुन्या वह्या वायोमिंग राज्यातल्या कोडी गावच्या संग्रहालयात आहेत. तिथूनही असाच कागद येतो.

याही प्रकारात शिखरावर आहे ते एक साधे लष्करी पिस्तूल. नमुना 1911 ए 1, बोअर पॉइंट फोर फाइव्ह, एकूण संख्या 500. ती पाचशे बनवली सिंगर कंपनीने. ज्या कंपनीच्या पायमशीनवर महाराष्ट्रातल्या असंख्य आज्यांनी परकर-पोलकी शिवली, तीच ही सिंगर. सरकारने चाचणीदाखल पाचशेची मागणी दिली, ती पुरी झाली, आणि कंपनीला दुसऱ्या कामाला लावले. आज त्या पिस्तुलावर सिंगरचे नाव दिसले की लिलावात बसलेल्या वयस्क पुरुषांचे हात थरथरतात.

अशा पिस्तुलाने गोळी झाडायची नसते, हे वेगळे सांगायला नको. त्याला 'सेफ क्वीन' म्हणतात, तिजोरीतली राणी. ही राणी पाहायला आलेला जाणकार पाहुणा नळीकडे आधी बघत नाही. तो स्क्रूच्या डोक्यावरची खाच बघतो. खाचेच्या कडा जराशाही उडालेल्या असतील तर कोणीतरी कधीतरी पेचकस लावला आहे, म्हणजे आत काहीतरी बदललेले असू शकते. मग तो नुसते 'हं' म्हणतो. त्या एका 'हं'ने मालकाचे हजार डॉलर जातात. गंज खरवडून, पॉलिश मारून बंदूक लखलखीत केली तर आणखी जातात. जुन्या पितळी समईला चिंच लावून घासणाऱ्या सुनेला या घरात जागा नाही.

मालिकेचे वेड पसरवण्यात चित्रपटसृष्टीचाही हात आहे. विंचेस्टर कंपनीने 1873 च्या नमुन्यातल्या, चाचणीत उत्तम नेम लागलेल्या काही नळ्यांवर 'हजारांत एक' असे कोरून त्या जादा दराने विकल्या होत्या. 1950 मध्ये जेम्स स्ट्युअर्टचा 'विंचेस्टर 73' हा चित्रपट आला, तेव्हा निर्मात्यांनी जाहिरातीसाठी अशा उरलेल्या रायफलींचा देशभर शोध पुकारला. तोवर ती आजोबांची जुनी बंदूक होती. शोध सुरू झाल्यावर लोक माळे धुंडाळू लागले.

संग्रह वाढण्याचे आणखी एक कारण अगदी साधे आहे: स्वस्ताई. सोव्हिएत संघ मोडल्यावर तिथल्या कोठारांतल्या 'मोसिन-नागां' रायफली खोक्याखोक्यांनी अमेरिकेत आल्या आणि बरीच वर्षे शंभर डॉलरच्या आत मिळत होत्या. ही सव्वा मीटर लांबीची, खांद्याला गाढवासारखी लाथ मारणारी रायफल. शंभर डॉलरला एक म्हणजे दोन घ्याव्यात, हा विचार जगातल्या कुठल्याही सेलमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला समजेल. तिच्याबरोबर काडतुसे यायची ती पत्र्याच्या मोहोरबंद डब्यात, चारशे चाळीस एका डब्यात, आणि डबा कापायला स्वतंत्र ओपनर. रायफल आत-बाहेर तपकिरी, चिकट कॉस्मोलिनने माखलेली असे. व्हॅसलीनमध्ये डांबर कालवल्यासारखा हा प्रकार पन्नास वर्षांत लाकडाच्या नसानसांत मुरलेला असतो. तो काढायचे उपाय मालक एकमेकांना आजीबाईच्या बटव्यासारखे सांगतात. उकळते पाणी ओता. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून उन्हात मोटारीत ठेवा, वितळून आपोआप गळेल. ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवा. शेवटचा उपाय बायको घरी नसताना करावा, असेही सांगतात. पण वास तिची वाट बघत घरात थांबतो.

2003 मध्ये तर काठमांडूच्या एका जुन्या वाड्यातला नेपाळ दरबाराचा शस्त्रसाठाच अमेरिकी व्यापाऱ्यांनी उचलला. पन्नास हजारांहून जास्त जुन्या बंदुका: कंपनी सरकारच्या काळातल्या ब्राउन बेस, पुढच्या मार्टिनी-हेन्री, नेपाळात घडवलेल्या गहेंद्र रायफली. धूळ, किडे, गंज यांसकट त्या जहाजावर चढल्या आणि आता ओहायो-जॉर्जियाच्या दिवाणखान्यांत टांगलेल्या आहेत. आणायला फारशी अडचण आली नाही, कारण अमेरिकेच्या 1968 च्या कायद्याप्रमाणे 1898 किंवा त्याआधी बनलेली बंदूक ही बंदूकच नाही. ती 'अँटिक' आहे. तिने माणूस मरू शकतो, पण तो कायद्याच्या दृष्टीने पुराणवस्तूने मरतो. पन्नास वर्षांवरच्या बंदुकांसाठी संग्राहकाचा वेगळा परवाना आहे, तीन वर्षांना 30 डॉलर. तो घेतला की अशी रायफल पुस्तकासारखी पार्सलने घरपोच येते. पन्नास वर्षे हा काळ पुढे सरकत राहतो. दरवर्षी आणखी एक साल पात्र ठरते आणि संग्राहकाला आणखी एक निमित्त मिळते.

मग राजकारण. बंदुकांच्या दुकानदारांना विचारले असते तर गेल्या पन्नास वर्षांतला सर्वोत्तम विक्रेता म्हणून त्यांनी बराक ओबामांचे नाव सांगितले असते. ओबामा बंदुका विकत नव्हते, उलट आवर घालू पाहत होते, आणि तेच कारण होते. बंदी येणार अशी कुजबुज झाली की लोक दुकानांकडे धावत. दुकानातून बंदूक घेताना पूर्वेतिहासाची तपासणी होते, तिचे आकडे दरसाल जाहीर होतात. 2016 मध्ये अशा 2 कोटी 75 लाख तपासण्या झाल्या. त्या वर्षी हिलरी क्लिंटन निवडून येतील असा रंग होता. निवडून आले बंदूकवाल्यांचे लाडके डोनाल्ड ट्रम्प. भीती गेली, गिऱ्हाईक गेले. 2017 मध्ये आकडा 2 कोटी 52 लाखांवर उतरला आणि 2018 च्या मार्चमध्ये दोनशे वर्षांची जुनी रेमिंग्टन कंपनी दिवाळखोरीच्या अर्जासह कोर्टात उभी राहिली. आपला माणूस सत्तेवर आल्याने बुडालेला हा बहुधा एकमेव धंदा असावा. 2020 मध्ये साथ, दंगली आणि निवडणूक असा त्रिवेणी योग आला, आणि तपासण्या झाल्या 3 कोटी 97 लाख.

ही भीती नुसती कल्पनेतली नाही, तिला भावाचा आधार आहे. 1934 मध्ये शिकागोच्या गुंडांना आवर घालण्यासाठी मशीनगनच्या दर व्यवहारावर 200 डॉलर कर बसवला. तेव्हा एवढ्या पैशात जवळपास एक टॉमी गन येत असे. मशीनगनवरचा तो आकडा आजही 200च आहे, अमेरिकेत महागाई न लागलेली ही एक वस्तू. मग 1986 च्या मे महिन्यानंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेता येणार नाही असे ठरले. जुन्या होत्या तेवढ्याच उरल्या आणि त्यांचे भाव हजारो डॉलरांवर गेले. ज्याने 1985 मध्ये बायकोची बोलणी खाऊन एक घेऊन ठेवली होती, तो आज तिच्याकडे बघून काही न बोलता हसतो. मुंबईत चाळीस वर्षांपूर्वी फ्लॅट घेतलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तेच हसू असते.

किती बंदुका ठेवाव्यात याला तिथे देशव्यापी मर्यादा नाही. 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, संख्या नाही. आठवड्यातल्या लागोपाठ पाच कामकाजाच्या दिवसांत एकाच माणसाला दोन पिस्तुले विकली तर दुकानदाराने सरकारला कळवायचे, एवढेच. कळवल्यावर सरकार ते ऐकते. कोणाकडे काय आहे याची देशव्यापी नोंदवही ठेवायला 1986 च्या कायद्यानेच मनाई आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या सरकारी केंद्रात बंद पडलेल्या दुकानांचे कागद खोक्यांनी येऊन पडतात आणि ते नावावरून शोधता येणार नाहीत अशाच पद्धतीने ठेवावे लागतात. तलाठी कचेरीत जे आपसूक साधते, त्यासाठी तिथे कायदा करावा लागला. जॉर्जिया राज्यातल्या केनेसॉ गावाने तर 1982 मध्ये ठराव केला की प्रत्येक कुटुंबप्रमुखाने घरात बंदूक आणि काडतुसे ठेवलीच पाहिजेत. अपवाद बरेच ठेवले, त्यामुळे तो मोडल्याबद्दल कोणाच्या मागे पोलीस लागत नाहीत.

भारतात याच्या अगदी उलट. इथे परवान्यावर तीन बंदुका चालत, 2019 च्या दुरुस्तीने त्या दोन झाल्या आणि तिसरी जमा करा असे फर्मान निघाले. त्या दोनही निवडणूक आली की बऱ्याचदा पोलीस ठाण्यात मुक्कामाला जातात. हात दोन, बंदुका दोन, असा हिशेब बहुधा कोणी तरी शांतपणे बसून केला असावा. पूर्वी अशी अडचण नव्हती. 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या खाशा बंदुकांची मोजदाद आहे, ती 105. बारा महिन्यांच्या बारा, आठवड्यांच्या तीस, सौर दिवसांच्या बत्तीस आणि एकतीस जादा. पाळीपाळीने त्या बादशहापुढे येत. त्यांतली 'संग्राम' नावाची बंदूक पहिल्या महिन्याची मानकरी. चितोडच्या वेढ्यात किल्ला लढवणाऱ्या जयमलवर याच बंदुकीने नेम धरला असे सांगतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात 1993 मध्ये महिन्याला एकच पिस्तूल घेता येईल असा कायदा झाला, 2012 मध्ये तो गेला आणि 2020 मध्ये परत आला. महिन्याला एक, वर्षाला बारा: अकबराची पहिली बारी तरी या कायद्यात बरोबर बसते.

जमवलेले ठेवायचे कुठे? तर तिजोरीत. आपल्या गोदरेजच्या कपाटाचा हा पैलवान मामेभाऊ. वजन सहज तीनशे किलो, आत गालिच्याचे अस्तर, नळ्या टेकवायला खाचा. दमटपणा मारायला एक गरम होणारी दांडी आणि सिलिका जेलच्या पुड्या. कपाटावर '24 बंदुकांचे' असे लिहिलेले असते. त्या चोवीस दुर्बीण न लावलेल्या, सडपातळ आणि एकमेकींशी सलोख्याने राहणाऱ्या असाव्या लागतात. प्रत्यक्षात पंधरा-सोळाव्या बंदुकीला दार लागेनासे होते. 'सहा आसनी' रिक्षेत जेवढी आसने असतात तेवढीच ही चोवीस. फक्त रिक्षेत उलट, लिहिल्यापेक्षा जास्त मावतात. तिजोरी भरली की दोन उपाय उरतात: बंदुका कमी करणे किंवा दुसरी तिजोरी घेणे. पहिला उपाय केल्याचे ऐकिवात नाही. दुसरी तिजोरी आली की ती अर्धी रिकामी दिसते, आणि रिकामी जागा बघून त्या माणसाचे काय होते ते वर आलेच आहे.

विकवत का नाही, याचे उत्तर कानेमान, क्नेच आणि थेलर या संशोधकांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आहे. निम्म्या विद्यार्थ्यांना त्यांनी साधे कॉफीचे मग फुकट दिले आणि विकायला सांगितले. मगवाल्यांनी मागितलेली किंमत बाकीच्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीच्या वर गेली. थोडा वेळ हातात राहिलेल्या मगाची ही कथा. इथे आजोबांची रायफल आहे.

घरच्या माणसांशी होणारे व्यवहार हा संग्रहशास्त्राचा वेगळा अध्याय व्हावा. नवी बंदूक दारातून आत आणण्याच्या युक्त्या या मंडळींत उघडपणे चर्चिल्या जातात. तिजोरीत काळ्या रंगाच्या वीस बंदुका असल्या की एकविसावी ओळखू येत नाही. विचारलेच तर 'ही तर केव्हाची आहे'. नव्या साडीबद्दल हेच वाक्य मराठी घरांत बोलले जाते, तेव्हा बोलणारा आणि ऐकणारा यांच्या जागा मात्र बदललेल्या असतात. सरकारला द्यायचे उत्तरही तयार आहे. कधी काळी जप्तीची वेळ आली तर सगळ्या बंदुका बोटीच्या अपघातात तळ्यात बुडाल्या असे सांगायचे. हा विनोद इतका जुना झाला आहे की नुसते 'बोट' म्हटले तरी टेबलाभोवती हशा पिकतो. अमेरिकेच्या तळ्यांत खरोखर तेवढ्या बंदुका असत्या तर मासे केव्हाच सशस्त्र झाले असते.

दोन गोष्टींना मात्र ही मंडळी हसत नाहीत. पहिली चोरी. देशात दरसाल सुमारे 3 लाख 80 हजार बंदुका खाजगी मालकांकडून चोरीला जातात, असा 2015 च्याच पाहणीवरून काढलेला अंदाज आहे. ज्या चोराच्या भीतीने बंदूक घेतली, तो तीच न्यायला येतो. दाराजवळच्या गाडीतली स्वस्तातली तर पहिली. दुसरी गोष्ट विनोदाच्या कक्षेत येत नाही. 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसे गेली, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक, 26,328, स्वतःच्या हाताने. चोर कुठल्या खोलीतून येईल याचा बारकाईने विचार झालेल्या घरांत हे मरण बाहेरून आलेले नसते.

संग्रहाचा शेवट मालकाच्या शेवटाबरोबर होतो. या वर्तुळातली सगळ्यांत मोठी भीती सरकारची नाही, चोराचीही नाही: आपण गेल्यावर बायको या बंदुका आपण तिला सांगितलेल्या किमतीला विकून टाकेल, ही आहे. कायदा वारसांना बऱ्यापैकी सोयीचा आहे. वारशाने आलेल्या मशीनगनवर तो 200 डॉलरचा करही माफ आहे. पण वारसांना बहुधा बंदुका नको असतात, त्यांना तळघर हवे असते. मग लिलाववाल्याचा ट्रक येतो. नशीब असेल तर एखादी वस्तू कमाल करते. शेरीफ पॅट गॅरेटने ज्या कोल्टने बिली द किड या गुंडाला मारले ते रिव्हॉल्व्हर 2021 मध्ये साठ लाख डॉलरच्या वर गेले. उरलेल्या हजारोंची वाट सरळ ओक्लाहोमातल्या टल्साच्या बंदूक-जत्रेकडे जाते. वर्षातून दोनदा, एका छपराखाली 4,200 टेबले, अकरा एकरांत.

तिथे हिरव्या कापडाने झाकलेल्या एखाद्या टेबलामागे, डेव्हिस यांच्या क्लेअरमोरपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, सत्तरीचा एक गृहस्थ घडीच्या खुर्चीत बसलेला असतो. या वर्षी फक्त कमी करायचे, असे घरी सांगून तो आलेला असतो. दुपारपर्यंत त्याची एक दुनळी खपते. शेजारच्या टेबलावर कोण्या गेलेल्या माणसाच्या घरातून आलेल्या कार्बाइन रांगेने ठेवलेल्या असतात, दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठ्यांसकट. तो उगाच पाय मोकळे करायला उठतो, एक उचलतो, खिशातले भिंग काढून नळीच्या मुळाशी बघतो. रॉक-ओला. संध्याकाळी परतताना गाडीत दोन बंदुका असतात. टेबलाचे भाडे वसूल व्हायला हवे होते, असे कारण त्याला पार्किंगमध्ये सुचते.